ज्याचा टॅग त्यानेच काढायचा

४ जून २०२५, बुधवार

निवृत्त होऊन आज चौथा दिवस. कंपनीने निरोपाला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. जूनमध्ये बोईसरला शाल कोण पांघरणार, आणि घड्याळ बघून आता जायचंय कुठे? उरली डायरी. एमआयडीसीत चौतीस वर्षं मेंटेनन्स फोरमन म्हणून शिफ्टचं रजिस्टर लिहिलं. संध्याकाळ झाली की हात शिवशिवतो.

आजचं काम: स्वयंपाकघरातल्या सत्तावीस डब्यांवर आतल्या वस्तूचं नाव आणि भरल्याची तारीख चिकटवली. जड पिठं खाली, हलकं वर. मंदा देवळातून आली आणि हळद शोधत बसली. बोलली काही नाही. बायको बोलली नाही म्हणजे काम पसंत पडलं, असं मी धरतो.

१३ जून, शुक्रवार

योग बघा. पाम गावाजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका हेतल राऊत यांचा फोन आला. माझा नंबर त्यांना कुठून मिळाला कोण जाणे. नववीला ‘मल्टी स्किल’ म्हणून विषय असतो: थोडी वीज, थोडं प्लंबिंग, थोडं वेल्डिंग. शिकवणारा मुलगा वापीला नोकरीला लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी येता का, म्हणाल्या. मानधन नाही, चहा आहे.

मी विचार करून सांगतो म्हटलं. मंदा म्हणाली, “विचार कसला करताय? शर्ट इस्त्री करून ठेवलाय.”

किती तत्पर बाई. मॅडम तिला देवळात दिसतात म्हणे, पण तेवढीच तोंडओळख.

१७ जून, मंगळवार

पहिला तास. एकेचाळीस मुलं. निम्मी आजूबाजूच्या पाड्यांवरची, काही घिवलीकडची कोळ्यांची, उरलेली आमच्यासारख्या पोटासाठी बोईसरला आलेल्यांची. मी नगरकडचा, पाथर्डीचा, हे ऐकून एकाने विचारलं, “सर, तिथे समुद्र हाय का?” नाही म्हटल्यावर त्याला माझी दया आली.

पहिल्याच दिवशी मुद्द्याचं शिकवलं. मशीन दुरुस्तीला घेतलं की आधी वीज बंद. मग स्विचला आपलं कुलूप. त्यावर लाल टॅग: आपलं नाव, तारीख आणि ‘काम चालू आहे, चालू करू नये’. किल्ली आपल्या खिशात. आणि ज्याचा टॅग त्यानेच काढायचा. मॅनेजर येवो की मंत्री येवो, दुसऱ्याने हात लावायचा नाही, कारण आत माणूस असू शकतो. या एका नियमाने माझ्या डोळ्यांदेखत दोन जीव वाचलेत.

वर्ग चिडीचूप होता. शेवटचा तास असल्यामुळे मुलं पेंगत होती, असं मॅडमचं म्हणणं. मला तसं वाटलं नाही. दुसऱ्या बाकावरची कमळी नावाची पाड्यावरची किडकिडीत मुलगी तर एकसारखी प्रश्न विचारत होती.

“सर, टॅगवाला मानूस घरी गेला त?”

“तर त्याला घरून बोलवायचं.”

“लांब गेला आसंल त?”

“लांबून आणायचं.”

“कोन आनील?”

“फोरमन जाईल. स्वतः. त्याची जबाबदारी.”

तिने ते वहीत उतरून घेतलं. एकेचाळिसांत ही एकटीच.

४ जुलै, शुक्रवार

आज माझी जरा फजिती झाली. शाळेचा जुना जनरेटर सुरू करून दाखवत होतो, होईना. मी प्लग, फिल्टर, तेल या क्रमाने समजावत होतो, तेवढ्यात घिवलीचा भावेश मागून म्हणाला, “सर, यो हवा घेते.” त्याच्या बापाची होडी आहे, इंजिनाशेजारीच वाढलेला. पाइपचा जोड त्याने हाताने आवळला आणि जनरेटर सुरू.

मी म्हटलं, शाबास, पण आधी टॅग लावायला हवा होता. नियम तो नियम.

२२ जुलै, मंगळवार

टॅगची साथ आली आहे. मुलांनी लग्नपत्रिकांचे लाल पुठ्ठे कापून प्रत्येकी एक टॅग केला होता. आज ते डब्याला, सायकलीला, खो-खोच्या खांबाला, मुतारीच्या दाराला लावलेले आढळले. मॅडमच्या खुर्चीवरही होता: ‘काम चालू आहे’. मॅडम अर्धा तास उभ्या होत्या. मला वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, “खेडकर सर, भूगोलाचा एक धडा यांच्या असा लक्षात राहिला असता तर मी वर्षभर उभी राहिले असते.”

१२ ऑगस्ट, मंगळवार

‘मोठेपणी मी कोण होणार’ यावर दहा ओळी लिहून घेतल्या. व्यवसाय मार्गदर्शन हा माझ्याच विषयाचा भाग आहे. एकोणीस जणांनी लिहिलं ‘कंपनीत कामाला’. कोणत्या कंपनीत, काय काम, काही नाही, जणू कंपनी म्हणजे गावाचंच नाव. भावेशने ‘होडी’ एवढंच लिहिलं. नऊ ओळी मोकळ्या.

कमळीने लिहिलं, ‘मी मुकादम होणार.’

वीटभट्टीवर मजूर गोळा करून नेतो तो मुकादम. मला हसू आलं. तिला बाजूला घेऊन म्हटलं, अगं, हुशार आहेस, जरा वरचं बघ. आयटीआय कर, सुपरवायझर हो.

तिने विचारलं, “सुपरवायझर ठरवतो का, कोन जानार आनि कोन रायनार?”

मी म्हटलं, तसं नाही, तो कामावर देखरेख करतो.

“मंग मुकादमच बरा,” म्हणाली.

पोरांच्या स्वप्नांची झेप कमी पडते, यावर मॅडमशी बोलायला हवं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बोललो. मॅडमनी कपाट उघडलं. मग हजेरीपट काढला. गेल्या वर्षी याच वर्गातल्या तीन मुली दिवाळीनंतर आईबापांबरोबर भट्टीवर गेल्या. पावसाळ्याच्या तोंडाला परत आल्या, पण शाळेत नाही. एकीचं लग्नही झालं. “कमळीचा बाप देवू याही वर्षी जाणार,” म्हणाल्या. “धाकटा भाऊ दीड वर्षाचा आहे, त्याला सांभाळायला ती हवी. मी दोनदा घरी जाऊन आले. तो वाईट माणूस नाही. ऐकून घेतो, चहा पाजतो, आणि नेतो.”

मी म्हटलं, येईल की परत, हुशार आहे, अभ्यास भरून काढेल.

मॅडमनी हजेरीपट मिटला. घरी सांगितलं तर मंदाने माझ्याकडे बघितलं, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या तेव्हा बघितलं होतं तसंच.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

कमळीच्या पाड्यावरच्या नळाचा पंप बंद पडलाय. पाच दिवस बाया खालच्या विहिरीवरून पाणी आणताहेत. प्रकल्प मिळाला. वर्गात मतदान घेतलं, एकमताने मंजूर. सरपंचांची परवानगी लेखी घेतली. ते म्हणाले, “सर, तोंडी चालला आसता.” मी म्हटलं, तोंडी कामात माणसं मरतात. त्यांनी घाईने सही केली.

शाळा दिवाळीनंतर उघडली की हात घालायचा.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काम सुरू. पंप बोअरमध्ये दोनशे फूट खाली, वर फक्त पॅनेलची पेटी. वीज बंद केली, मी स्वतः टेस्टरने खात्री केली. कामाची प्रमुख कमळी, कारण पाडा तिचा. तिने कुलूप लावलं, टॅग लावला: कमळी देवू, इयत्ता नववी. मग पाड्यावरच्या बायांना उभं करून तिने सगळा नियम माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितला. “मी काडल्याशिवाय कोनी हात लावायचा नाय. लावला त मानूस मरतो.” तिची आत्या लखमी म्हणाली, “नाय लावत, बाय.”

दोष सापडला. कपॅसिटर फुगून फुटलाय. नवा सोमवारी आणतो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नवा कपॅसिटर बसवला. चाचणी घ्यायची तेवढ्यात सगळ्या गावचीच लाइट गेली. पाचपर्यंत वाट बघितली. शेवटी ठरलं की शुक्रवारी चाचणी. कमळी म्हणाली, “सर, टॅग राहू दे?” मी म्हटलं, अर्थात. चाचणी होईपर्यंत काम संपलेलं नसतं. तिने किल्ली मुठीत घेतली.

जाताना मला म्हणाली, “सर, बाबानं सामान बांदलाय.” मी म्हटलं, बरं, शुक्रवारी वेळेवर ये.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

भलताच पेच. कमळी गेली. परवा पहाटेच्या गाडीने, सगळं घर, भिवंडीजवळच्या भट्टीवर. पेटीला कुलूप, कुलपावर टॅग, किल्ली तिच्याकडे. लाइट कधीच आलेली, पंप तयार, पण सुरू करायचा कसा?

सरपंच करवत घेऊन आले होते. कुलूप दोन मिनिटांत कापतो म्हणाले. मी तोंड उघडायच्या आत लखमी आत्या आणि सात-आठ बाया पेटीपुढे उभ्या राहिल्या. “तिचा टॅग हाय. तिनंच काडायचा.”

मी म्हटलं, बायांनो, काम संपलंय, आत कोणी नाही, मी फोरमन म्हणून परवानगी देतो. आत्या म्हणाली, “सर, तुमीच सांगलेलं. मंत्री आला तरी नाय. तुमी मंत्र्याऊन मोठे का?”

“अहो, पण पाणी?”

“विहीर हाय ना. आज्यापंज्यापासना हाय.”

चौतीस वर्षांत कंपनीतसुद्धा अशी शिस्त बघितली नाही. डोळ्यांत पाणीच आलं. देवूचा फोन बंद. आता नियमाप्रमाणे एकच मार्ग उरतो: टॅगवाल्याला घेऊन येणं, आणि ते काम फोरमनचं. उद्या निघतो. पोर पोरच, घाईत टॅग काढायचा विसरली. भेटल्यावर चांगली खरडपट्टी काढणार आहे.

मंदा म्हणाली, “मीबी येते.” तिला काय काम, विचारलं तर म्हणाली, “एसटीत तुमच्याशी बोलायला कोनतरी हवं ना.”

१५ नोव्हेंबर, शनिवार

दमलोय, पण तपशील लिहायला हवा.

मनोरवरून गाडी बदलून दुपारी पोहोचलो. भट्टी अजून पेटायची होती, चिखल मळणं चालू होतं. शेजारी पेंढ्याच्या खोपट्या, आत वाकूनच जावं लागतं. कमळी भावाला कडेवर घेऊन उभी होती. आम्हाला लांबून बघितलं तरी जागची हलली नाही. आम्ही येणार हे आधीच माहीत असल्यासारखी.

मी खरडपट्टी काढली. टॅग विसरणं म्हणजे काय, कंपनीत असतीस तर मेमो मिळाला असता वगैरे. तिने मान खाली घालून ऐकलं. “चूक झाली, सर,” म्हणाली. किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. एवढी जपलेली किल्ली, आणि टॅग तेवढा विसरली. मुलांचं असंच असतं.

देवू चिखलाचे हात पुसत आला. उंच, शांत माणूस. म्हणाला, “सर, किल्ली न्या ना. पोरीला कशाला नेता?” मी किल्लीसाठी हात पुढे केला. कमळी म्हणाली, “सर, मीच काडायचा ना?”

बरोबरच होतं. मग मी देवूला पूर्ण नियम समजावला. अर्धा तास लागला. मुकादमही येऊन ऐकत बसला. शेवटी म्हणाला, “देवू, पोरीला न्या म्हण. नायतर ह्यो मानूस जायाचा नाय.”

“एका दिसात होईल?” देवूने विचारलं.

मी खरं तेच सांगितलं. नवा भाग बसवला की आठ दिवस चाचणी, आणि ज्याने काम केलं त्याने हजर राहायला हवं.

“आट दिस. मंग मी नेया येईन. लखमीकडं रायल.”

हा सगळा वेळ मंदा कमळीच्या आईजवळ बसली होती, बाळ मांडीवर घेऊन. दोघींचं काय एवढं चाललं होतं कळलं नाही. निघताना मंदाच्या हातात कमळीच्या कपड्यांचं भलंमोठं गाठोडं आणि नववीची सगळी पुस्तकं. आठ दिवसांना एवढं कशाला? “थंडी पडतीय,” म्हणाली. पुस्तकांना कसली थंडी?

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊ वाजता कमळीने सगळ्या पाड्यादेखत टॅग काढला, कुलूप उघडलं, मी बटण दाबलं. नळाला आधी वारा आला, मग गढूळ, मग चांगलं पाणी. बायांनी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही, हंडे लावले. मॅडम आल्या होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “खेडकर सर, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय केलंत?” मी म्हटलं, पंप दुरुस्त केला. मी एकट्याने नाही, मुलांनी.

त्या हसल्या. मग डोळे पुसले. शिक्षकी पेशातल्या बायका हळव्या असतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कमळी रोज सकाळी सात आणि संध्याकाळी पाचला पंपाची नोंद करते: किती वेळ चालला, किती पाणी आलं, काही बिघाड. शाळेलाही वेळेवर येते. गणितात वर्गात पहिली. आज मला विचारलं, “सर, चाचनी आट दिसाचीच आसते का? जास्तीची नसते?”

मी म्हटलं, दोष दिसला तरच वाढते.

ती विचारात पडली. मग भावेशशी बराच वेळ बोलत होती.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज देवू आला. सांगितलेल्या दिवशी, सकाळच्या पहिल्या गाडीने. माणूस शब्दाचा पक्का. मी आणि मंदा पाड्यावर पोहोचलो तेव्हा पंप चालू होता आणि सगळा पाडा पंपाभोवती होता. घिवलीहून भावेश सायकल मारत आलेला. रविवार असून.

देवू म्हणाला, “सर, झाले आट दिस. काम पुरा झाला ना?”

माझ्या आधी भावेश बोलला. पाइपला कान लावून म्हणाला, “सर, बेअरिंगचा आवाज येते.”

“येतो,” लखमी आत्या म्हणाली. “कालपासना येतो.”

“येतो, येतो,” बाकीच्या बाया.

 कमळी फक्त माझ्याकडे बघत होती. तिच्या पायाशी गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, आणि त्यात पुस्तकं नव्हती. पुस्तकं आत्याच्या झोपडीत फळीवर नीट लावलेली दारातून दिसत होती.

दोनशे फूट खालच्या बेअरिंगचा आवाज वर कोणाला ऐकू येत नाही. भावेशला नाही, आत्याला नाही, देवालाही नाही. मी पाइपला कान लावला. पंप लोण्यासारखा चालला होता. तेव्हा मला कळलं. टॅग कोण विसरलं नव्हतं, विहिरीवरून पाणी कोण कशासाठी वाहत होतं, आणि फोरमन लांबून कोणाला आणतो हे जूनमध्ये वहीत का लिहून घेतलं होतं, सगळं एकदम कळलं. पाच महिने शिकवत होतो म्हणे मी.

देवू म्हणाला, “सर, तुमी सांगा. तुमी खोटा बोलनार नाय.”

 बोललो असतो तर फजिती झाली असती, म्हणून कमळीच्या हातातलं रजिस्टर घेतलं आणि लिहिलं: ‘बेअरिंगला आवाज. काम अपूर्ण. देखरेख आवश्यक. जबाबदार व्यक्ती: कमळी देवू.’ खाली सही केली. चौतीस वर्षांत अशी एकही नोंद केली नव्हती. मग त्याला ते वाचून दाखवलं.

“किती दिस?” त्याने विचारलं.

“एप्रिलपर्यंत तरी. परीक्षा होईपर्यंत. मग बघू.”

मंदा म्हणाली, “आत्याकडे हाय, आन शनिवार-रविवार आमच्याकडं. पोरीच्या आईशी बोलनं झालंय माझं.”

 लखमी आत्या सांगते, देवू पूर्वी दोन उन्हाळे बोअर मारायच्या गाडीवर राबलेला आहे; पंप कुठे असतो आणि कुठून काय ऐकू येतं हे त्याला माझ्याइतकंच माहीत. तो पंपाजवळ उकिडवा बसला आणि पाइपला कान लावला. बराच वेळ. बायांचे हंडे भरून वाहायला लागले तरी कोणी उचलले नाहीत. 

तो उठला. गुडघे झटकले. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

“हां सर,” म्हणाला. “मनाबी आयकू येतो.”

मग त्याने एकट्यासाठी परतीच्या एसटीची वेळ विचारली.